मोजणाऱ्याचं ओझं

सुरतच्या वराछा-कतारगाममध्ये कच्चा हिरा स्कॅन करून त्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी करतात आणि तो कसा कापावा याचे अनेक पर्याय तपासतात. हे काम करणारं, मेमरीवर विसंबलेलं यंत्र मंदावलं आणि कारण शोधणारा प्रोग्रॅमच मेमरी खात बसला, तर त्याचे आकडे विश्वासाचे राहत नाहीत. असं कारण शोधण्यासाठी लिनक्समध्ये २००९ साली आलेली ‘पर्फ’ ही सोय घटनांच्या नोंदी बफरमध्ये साठवते. सामान्य वापरकर्त्यासाठी त्या बफरची मूळ मर्यादा प्रत्येक प्रोसेसर-कोअरमागे ५१६ किलोबाइट. १२८ कोअरच्या सर्व्हरवर साडेचौसष्ट मेगाबाइट. म्हणून नोंदी साठवण्यापेक्षा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, जागच्या जागी मोजणी करणंच मला योग्य वाटतं. यावर आक्षेप असा, की बेरजेत क्वचित होणारा मोठा खोळंबा लपतो. सरासरी ठेवली तर लपतोच. पण १, २, ४, ८ मायक्रोसेकंद असे दुपटीने वाढणारे ६४ कप्पे केले, प्रत्येकात ८ बाइटचा आकडा ठेवला, तर एका कोअरला ५१२ बाइट पुरतात. घटना लाख असोत वा कोटी, जागा तेवढीच लागते आणि एकुलता खोळंबाही वेगळा दिसतो. तो कधी झाला हे मात्र कळत नाही; त्यासाठी ठरावीक मर्यादेपलीकडच्या घटनांचीच सविस्तर नोंद ठेवावी.