गारगोटीचं घर

लोणंदच्या शिवारात विहीर पाडताना कडेला मलब्याचा ढीग वाढत जातो. आधी माती, मग मुरूम, मग सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. यारीनं वर येणाऱ्या त्या दगडांत आम्ही लहानपणी गारगोट्या शोधायचो. बाहेरून ओबडधोबड खडक आणि आत चकाकणारे खडे.

मागच्या सुट्टीत भाचा माइनक्राफ्ट खेळत होता. भुयार खणता खणता एकदम ओरडला, "मामा, बघ, आपल्या विहिरीतली गारगोटी!" पडद्यावर गुळगुळीत काळ्या बसाल्टचं कवच, त्याच्या आत पांढरा कॅल्साइट आणि मधल्या पोकळीत जांभळे अ‍ॅमेथिस्टचे स्फटिक.

स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा हा खेळ 2011 साली पूर्ण स्वरूपात आला. एकेक घनमीटरचे ठोकळे फोडायचे, रचायचे. काय उभारायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. 'केव्हज अँड क्लिफ्स' हे मोठं अपडेट काम आवाक्याबाहेर गेल्यानं दोन भागांत आलं. ही गारगोटी 8 जून 2021 च्या पहिल्या भागातली. 30 नोव्हेंबरच्या दुसऱ्या भागानं जमीन 64 ठोकळे आणखी खोल नेली आणि उंचीची मर्यादाही तेवढीच वाढवली. खेळातल्या शून्य पातळीच्या खाली डीपस्लेट नावाचा गडद, चिवट दगड लागतो. कुदळ तिथे मंदावते, हे विहीर पाडणाऱ्याला सांगायला नको.

पण मला खरं अप्रूप त्या गारगोटीचं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. महाबळेश्वरच्या बाजूला ते हजार मीटरहून जाड आहेत. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक धरले: क्वार्ट्झ, झिओलाइट, कुठे अ‍ॅमेथिस्ट. आपल्याकडे कॅल्साइट बऱ्याचदा नंतर, आतल्या पोकळीत जमतो. खेळात तो अ‍ॅमेथिस्टच्या बाहेर आहे. एवढा फरक सोडला तर रचना ओळखीची. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हान्साइट जगभरचे संग्राहक जपतात आणि सिन्नरला तर 'गारगोटी' याच नावाचं संग्रहालय आहे. लोणंदला मात्र असे दगड खडी होऊन रस्त्याखाली जातात, याची मला हळहळ वाटते.

खेळात स्फटिक ज्यावर उगवतात तो ठोकळा फोडला तर हाती काहीच लागत नाही. तो जागेवर राहू दिला तर कळ्या मोठ्या होत जातात, त्यांवर पाऊल पडलं की किणकिण वाजतं. भाच्यानं तो फोडला नाही. भोवती जिना बांधला.

दिवाळीत अंगणात किल्ला केला तेव्हा मावळे, बुरूज, मोहरीची हिरवळ सगळं नेहमीचंच होतं. पायथ्याशी त्यानं एक गुहा कोरली आणि माझ्या जुन्या डब्यातली गारगोटी आत ठेवली, तोंड बाहेर करून. संध्याकाळी तिच्यासमोर पणती लावली.