मोटारीच्या प्लगाभोंवतीं सांचणारें तेल : परीक्षा व उपाय

कळवण तालुक्यांत बागेवर औषधें पोहोंचविणें, लग्नकार्यास जाणें किंवा आजाऱ्यास नाशिकास हलविणें, यांपैकीं कोणतेंही काम आतां मोटारीवांचून होत नाहीं. बैलानें चारा सोडला तर त्याचें कारण शेतकरी स्वतः शोधूं शकतो. परंतु गाडीचें इंजिन अडखळूं लागलें म्हणजे तोच शेतकरी सर्वस्वी कारागिराच्या शब्दावर अवलंबून राहतो. प्लगाभोंवतीं तेल दिसलें कीं 'बोअर गेला, इंजिन उघडावें लागेल' असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. तें कधीं खरें असतें, कधीं नसतें. खरें असल्यास खर्च हजारों रुपयांचा. नसल्यास एका रबरी कडीचा. हा भेद कसा ओळखावा, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं ही व्याधि पेट्रोल व सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची आहे. ट्रॅक्टर व डिझेलचे पिकअप यांस ठिणगीचा प्लग नसतोच. त्यांत हवा अतिशय दाबून तापविली जाते व तींत नोझलमधून डिझेलचा फवारा सोडला जातो. अशीं नोझलें तयार करणारा नाशिकच्या सातपूर भागांतील कारखाना, जो पूर्वीं मायको या नांवानें प्रसिद्ध होता व २००८ पासून बॉश लिमिटेड झाला, आपल्या वाचकांस ठाऊक असेलच.

आतां रचना पाहूं. १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० गाड्यांत प्लग इंजिनाच्या डोक्याच्या बाजूस उघडे दिसत. तेथें टॅपेट कव्हराचें पॅकिंग फुटलें तर तेल बाहेरून ओघळून प्लगावर येई व तें चटकन दिसे. पुढील काळांतील बहुतेक इंजिनांत प्लग डोक्याच्या मधोमध, खोल विहिरीसारख्या नळींत बसविलेला असतो आणि त्यावर कॉइल टोपणासारखी बसते. ही नळी टॅपेट कव्हरांतून आरपार जाते. कव्हराखालीं तेल सतत उडत असतें. तें नळींत उतरूं नये म्हणून नळी व कव्हर यांच्या सांध्यांत रबरी कडी, म्हणजे सील, असते. कांहीं इंजिनांत नळीच्या बुडाशींही अशीच कडी असते.

रबर उष्णतेनें कालांतरानें कडक होतें, आकसतें व चिरतें. मग तेल झिरपून विहिरींत सांचतें. दुसरेंही एक कारण असतें. पिस्टनाच्या कडेनें थोडा वायु इंजिनाच्या पोटांत उतरतो. तो परत ओढून जाळण्यासाठीं एक लहान झडप असते, तीस पीसीव्ही म्हणतात. ती काजळीनें चोंदली तर पोटांतील दाब वाढतो व तेल जेथें वाट मिळेल तेथून बाहेर पडतें. अशा वेळीं नवी कडीही फार दिवस टिकत नाहीं. झडप काढून कानाशीं हलवावी. बहुतेक गाड्यांत चांगली झडप आंतून खुळखुळते. न वाजल्यास ती बदलावी.

महसूल खात्यांतील नोकरींत आम्हांस एक नियम अंगवळणी पडला, तो हा कीं जागेचा पंचनामा झाल्यावांचून नुकसानीचा आंकडा मांडावयाचा नाहीं. तोच नियम येथें लावावा. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी व कॉइल उपसून काढावी. विहिरींत तेल दिसल्यास प्लगास लगेच हात लावूं नये. आधीं काडीस गुंडाळलेल्या स्वच्छ फडक्यानें किंवा सुई काढलेल्या पिचकारीस नळी लावून सर्व तेल टिपून घ्यावें व हवेच्या झोतानें धूळ उडवावी. असें न करतां प्लग फिरविला तर वरचें तेल व खडे सिलिंडरांत पडतात. खड्यानें बोअरास ओरखडे जातात. शिवाय प्लगाचें टोंकही तेलानें माखून पुरावा बिघडतो.

मग प्लग काढून पाहावा. वरचा पांढरा चिनी मातीचा भाग तेलकट, पण ठिणगी पडते तें टोंक कोरडें व तपकिरी असेल, तर दोष वरच्या कडीचा किंवा पॅकिंगचा समजावा. टोंकच काळ्या ओल्या तेलानें माखलेलें असेल, धुराड्यांतून निळसर धूर येत असेल व तेलाची पातळी वरचेवर उतरत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्हाचीं सीलें झिजलीं आहेत. तेथें नुसती कडी बदलून भागत नाहीं.

दोष वरचा ठरला तर टॅपेट कव्हर काढावें. बोल्ट बाहेरून आंत, थोडे थोडे सैल करीत यावे. जुनें पॅकिंग काढून दोन्ही बाजू स्वच्छ पुसाव्या. लोखंडी धारेनें खरवडूं नये, कारण डोकें ॲल्युमिनियमचें असतें. पॅकिंग व विहिरींच्या सर्व कड्या एकदमच नव्या घालाव्या. कांहीं गाड्यांत कड्या कव्हरासच जोडलेल्या येतात. तेथें कव्हर बदलावें लागतें. बोल्ट मधून बाहेर, आलटून पालटून आवळावे. बहुतेक लहान गाड्यांत सुमारें १० न्यूटन-मीटर इतका जोर पुरतो, म्हणजे लहान पान्यावर मनगटाचा. अधिक आवळल्यास कव्हर वांकतें किंवा तडकतें व गळती वाढते.

प्लग प्रथम हातानेंच फिरवावा. १४ मिलिमीटर आट्याचा व सपाट वायसराचा नवा प्लग हातानें टेकल्यावर पान्यानें अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा द्यावा. गाडीच्या पुस्तिकेंत निराळा आंकडा असल्यास तोच पाळावा. कॉइलची रबरी नळी तेलानें फुगली असेल तर बदलावी. ती पेट्रोलानें धुवूं नये. काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटें चालवून बॅटरीच्या उजेडांत सांधे तपासावे व महिन्याभरानें कॉइल काढून विहीर पुन्हां पाहावी.

'थोडें तेल, काय बिघडतें?' असें म्हणून पुष्कळजण दुर्लक्ष करतात. परंतु तेलानें कॉइलचें रबर नासतें व वीज टोंकापर्यंत न जातां मध्येंच निसटते. सीएनजीस पेट्रोलापेक्षां जोरदार ठिणगी लागते, म्हणून त्या गाड्या लवकर अडखळतात. न जळलेलें पेट्रोल धुराड्यांत जाऊन तेथें जळतें व धूर शुद्ध करणारें महाग कॅटॅलिटिक यंत्र वितळवितें. बाहेर ओघळलेलें तेल तापलेल्या सायलेन्सरावर पडल्यास आगीचेंही भय असतें. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट भरल्या गाडीनें चढतांना एक सिलिंडर बंद पडणें म्हणजे काय, हें आमच्या भागांतील वाचकांस सांगणें नको.

सुज्ञ शेतकरी बंधूंनीं हें सर्व काम स्वतः करावेंच असें आमचें म्हणणें नाहीं. कुशल कारागिराचा हात निराळाच. मात्र इंजिन उतरविण्यास संमति देण्यापूर्वीं गाडीपाशीं स्वतः उभें राहावें, विहीर आपल्या देखत कोरडी करवावी आणि प्रत्येक प्लगाचें टोंक हातांत घेऊन पाहावें. तेल प्लगाच्या वर आहे कीं खालीं, एवढ्या एका प्रश्नाच्या उत्तरावर कधीं कधीं सबंध हंगामाची शिल्लक अवलंबून असते.