एक पत्रिका, दोन फाइली

सुरतेच्या उधना-लिंबायत पट्ट्यात खानदेशी घरांची वस्ती मोठी. जळगावहून येणारा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग इथंच, उधना जंक्शनला, मुंबई-अहमदाबाद मार्गाला मिळतो. अशा भागातलं लग्नपत्रिका छापणारं एखादं दुकान उदाहरणादाखल घेऊ. दुकानात एक लिनक्स संगणक, घरी दुसरा. दिवसा गिऱ्हाइकासमोर मजकूर जुळवायचा, रात्री घरी प्रुफं तपासायची. दोन्हीकडचा ‘पत्रिका’ फोल्डर सारखा राहावा म्हणून सिंकथिंग बसवलेलं. आणि ऐन लग्नसराईत फोल्डरमध्ये ‘दुसऱ्या मुलीची पत्रिका’ या एकाच नावाच्या दोन फाइली दिसू लागतात.

ही भुताटकी नव्हे. ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घेऊन. कळफलक वेगळे असले की पडद्यावर अक्षर तेच उमटतं, पण आतले आकडे निराळे पडतात, आणि लिनक्स नाव ओळखतं ते आकड्यांवरूनच. हिंदीवाल्यांना हा र लागत नाही, त्यामुळे हे दुखणं त्यांच्या वाट्याला येत नाही! उपाय साधा: दोन्हीकडे एकच कळफलक ठेवावा, नाहीतर नावात पत्रिकेचा क्रमांक घालावा.

लांब नावंही नडतात. लिनक्सवर फाइलीच्या नावाला 255 बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रा धरून, 3 बाइट खाते. म्हणजे हाती उरतात 85 खुणा. चि. आणि चि. सौ. कां.सकट दोन्ही कुळांची नावं लिहिली की संपलंच.

फाइलीच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आलं, तर मात्र संशय घड्याळावर घ्यावा. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाले की सिंकथिंग नव्या वेळेची प्रत मूळ नावानं ठेवतं आणि जुनीला हे शेपूट जोडतं. एकाच यंत्रावर विंडोजही असेल तर लिनक्सचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास पुढे पळू शकतं, कारण विंडोज यंत्रात भारतीय वेळ लिहितं आणि लिनक्स तीच ग्रीनिचची समजतं. मग दुरुस्त केलेलं प्रूफ हरतं, चुकीचं जिंकतं.

फोल्डर जुळवण्याचं दुसरं साधन म्हणजे अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 1996 साली आणलेलं आरसिंक; ते सिंकथिंगपेक्षा अधिक जुनं आणि अधिक आज्ञाधारक. आकार आणि वेळ जुळली की ते फाइल उघडूनही पाहत नाही; मोठ्या फाइलीत थोडा बदल झाला असेल, तर तेवढाच तुकडा पाठवतं. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो. विसरलात तर ‘पत्रिका’च्या पोटात दुसरी ‘पत्रिका’ तयार.

खरा धोका ‘डिलीट’ या पर्यायात आहे. मूळ डिस्क जोडायची राहिली आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर सापडला, तर आरसिंक समोरचंही सगळं इमानदारीनं पुसतं. म्हणून आधी ‘व्हर्बोज’ पर्यायासह ‘ड्राय रन’ चालवावा: काय पुसलं जाणार त्याची यादी पडद्यावर येते, आणि एकाही फाइलीला हात लागत नाही.