कीटकांचे डोळे व त्यांचा परिसर

बारामती व इंदापूर तालुक्यांत कालव्याखालचे ऊसमळे, कोरडी माळराने आणि उजनीचा विस्तीर्ण जलाशय असे भिन्न परिसर शेजारी शेजारी आढळतात. प्रत्येक ठिकाणचा प्रकाश निराळा व जगण्याची गरजही निराळी. त्यानुसार तेथील कीटकांच्या डोळ्यांची घडण झालेली आहे.

कीटकाचा मोठा डोळा अनेक नेत्रिकांचा बनलेला असून त्यास संयुक्त नेत्र म्हणतात. प्रत्येक नेत्रिकेस स्वतंत्र भिंग असते. कीटकास एका वस्तूच्या हजारो प्रतिमा दिसतात, ही समजूत मात्र चुकीची होय. प्रत्येक नेत्रिका दृश्याचा एकेक ठिपका टिपते व सर्व ठिपके मिळून एकच चित्र होते.

जलाशयाकाठी चतुर उडता उडता भक्ष्य पकडतो. मोठ्या जातींच्या चतुरांत एका डोळ्यात सुमारे ३०,००० पर्यंत नेत्रिका असू शकतात. डोळ्याचा वरचा भाग निळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर लहानसे भक्ष्य टिपण्यास योग्य असतो. पाण्यावर गरगर फिरणाऱ्या काळ्या किड्याच्या प्रत्येक डोळ्याचे तर दोन भाग असतात. एक पाण्यावर पाहतो, दुसरा पाण्याखाली. माळावरील नाकतोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने शत्रूची चाहूल त्यास चहूकडून लागते. सूर्य ढगाआड गेला तरी निळ्या आकाशाच्या एखाद्या तुकड्यावरून मधमाशी दिशा ओळखते.

भीमेच्या उगमाजवळ, भीमाशंकरच्या अरण्यात, लाकूड पोखरून राहणाऱ्या भुंग्याची एक जात अमावास्येच्या रात्रीही उडते. चांदण्यांच्या मंद उजेडात तिला रंगही ओळखता येतात, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. दिवसा उडणाऱ्या भुंग्यांपेक्षा तिच्या नेत्रिकांची भिंगे मोठी असल्याने अधिक प्रकाश आत येतो.

परिसर बदलला की हेच डोळे फसतात. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या विशिष्ट गुणावरून चतुर पाणी ओळखतो. काळ्या चकचकीत प्लास्टिकवरूनही तसाच प्रकाश येतो. म्हणून काही चतुर त्यावर अंडी घालतात व ती वाळून जातात. डासांच्या अळ्या खाणारी त्यांची पिल्ले मग जन्मासच येत नाहीत. रात्रभर जळणारे दिवेही पतंगांस वाट चुकवितात.

शिक्षकांनी हा पाठ शक्यतो वर्गाबाहेर घ्यावा. मुलांनी कीटक न पकडता साध्या भिंगातून त्याचे डोळे पाहावेत, आकार व जागा वहीत रेखाटावी आणि तो कोठे व कोणत्या वेळी आढळला, हे शेजारी लिहावे. डोळा व परिसर यांचे नाते त्या नोंदींतूनच त्यांना उमगेल.