प्लॅन एआय करेल, पण सुतार कोण आणणार?



प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला मेट्रो, धरण नाहीतर एखादी मोठी आयटी कंपनी आठवते. पण ज्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ठरलेलं बजेट आहे, ते काम म्हणजे प्रोजेक्टच. दसऱ्याला फरसाणचं दुकान सुरू करायचंय? प्रोजेक्ट. लग्नात 500 माणसांच्या जेवणाची ऑर्डर घेतलीय? तोही प्रोजेक्ट. म्हणून येत्या काही वर्षांत हे काम कसं बदलणार, याचा थेट संबंध तुमच्या गल्ल्याशी आहे.

आधी थोडं मागे बघू

1910 च्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने आडव्या पट्ट्यांचा तक्ता रूढ केला: कुठलं काम कधी सुरू, कधी संपणार. बीबीएला आम्ही तो पट्टी-पेन्सिल घेऊन काढायचो. 1957 च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत तयार झाली. तेव्हा त्या आकडेमोडीला युनिव्हॅकसारखा खोलीभर कॉम्प्युटर लागायचा. 2001 मध्ये 17 सॉफ्टवेअरवाल्यांनी ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यातला एक मुद्दा असा, की ठरलेल्या प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाप्रमाणे वळणं जास्त महत्त्वाचं. आणि नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं.

यातून एक गोष्ट दिसते. प्लॅन बनवणं दरवेळी सोपं आणि स्वस्त होत गेलं. खोलीभर मशीनचं काम आज तुमच्या खिशातला मोबाईल करतो.

पुढे काय बदलेल?

माझा अंदाज असा. एक, प्लॅन काढायला जवळपास काहीच खर्च येणार नाही. तुम्ही मराठीत बोलाल, समोर कामांची यादी आणि तारखा तयार. दोन, प्लॅन एकदा करून भिंतीला चिकटवायची वस्तू राहणार नाही. वायरमन आज आला नाही असं सांगितलं, की पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकतील. तीन, आठवण करून देणं, हिशेब जुळवणं, रोजचा रिपोर्ट लिहिणं ही कामं मशीनकडे जातील.

मग तुमच्याकडे काय उरतं? यासाठी एक उदाहरण घेऊ.

फरसाणच्या दुकानाचा हिशेब

गाळा ताब्यात आला. वायरिंग 4 दिवस, त्यानंतर फर्निचर 12 दिवस, मग रंग 3 दिवस, मग माल भरायला 2 दिवस. एकूण 21 दिवस. बोर्ड बनायला 10 दिवस लागतात, पण ते काम बाजूने चालू राहतं. बोर्डवाल्याने 5 दिवस उशीर केला तरी उद्घाटन अडत नाही. वायरमनने 2 दिवस उशीर केला, तर उद्घाटन 2 दिवस पुढे. ज्या कामांची साखळी शेवटची तारीख ठरवते, ती क्रिटिकल पाथ. फोन कोणाला आधी करायचा, हे ती सांगते.

आता पैसे बघा. भाडं महिन्याला 18,000 आणि कर्जाचा हप्ता 12,000 धरला, तर दुकान बंद असतानाही रोज 1,000 रुपये जातात. 9 दिवस उशीर म्हणजे 9,000 रुपये गेले, आणि वर दसऱ्याचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं.

हा तक्ता एआय मिनिटभरात देईल. पण तुमचा सुतार 12 दिवस म्हणतो तेव्हा 17 घेतो, हे त्याला माहीत नाही. रंगारी भाचीच्या लग्नाला गावी जाणार आहे, हेही माहीत नाही. पावसाळ्यात रंग वाळायला वेळ लागतो, हे त्याला माहीत असेल; पण तुमच्या गाळ्याच्या मागच्या भिंतीला ओल येते, हे तुम्हीच सांगायचं.

म्हणजे उद्या प्लॅन सगळ्यांकडे सारखाच असणार. फरक पडेल तो दोन गोष्टींनी: तुमच्याकडे असलेली तुमच्या कामाची खरी माहिती आणि माणसांकडून काम करून घेण्याची तुमची हातोटी.

आजपासून काय कराल?

1. एक वही किंवा मोबाईलमध्ये एक शीट करा. पाच रकाने पुरेत: काम, कोणाकडे, ठरलेले दिवस, लागलेले दिवस, उशिराचं कारण. चार-पाच कामं झाली की तुमचे स्वतःचे आकडे तयार होतील. पुढच्या वेळी एआयला हेच आकडे द्या. सुतारासाठी 12 नाही, 17 लिहा.

2. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. ‘आम्ही सगळे बघतोय’ म्हणजे कोणीच बघत नाही.

3. सगळे पैसे ॲडव्हान्स देऊ नका. टप्पे पाडा: सांगाडा उभा राहिला की इतके, सनमायका लागल्यावर इतके, शेवटचे दार नीट लागतंय बघून.

4. रोज संध्याकाळी पाच मिनिटं द्या. आज काय झालं, काय अडलं, उद्या कोणाला फोन करायचा. ॲप असो वा नसो, ही सवय हवी.

5. एआयचं उत्तर डोळे झाकून घेऊ नका. लायसन्स, फी, जीएसटीचे नियम सरकारी वेबसाइटवर तपासा, कारण चुकीची माहितीही ते तितक्याच ठामपणे देतं. आणि गिऱ्हाइकांचे नंबर, बँकेचे तपशील तिथे टाकू नका.

बऱ्याच जणांना वाटतं, आधी महागडं सॉफ्टवेअर घेऊ, मग शिस्त लागेल. उलट आहे. ज्याची वही चोख, त्याला सॉफ्टवेअरचा फायदा होतो. वहीच नसेल, तर सॉफ्टवेअर तुमचा अंदाज फक्त छान रंगीत करून दाखवेल.

तर मग, सध्या हातात असलेलं एक काम निवडा आणि ते पाच रकाने आजच आखा. पहिल्या ओळीत तेच नाव लिहा, ज्याच्या उशिराने तुमची तारीख पुढे जाते. लिहून झालं की त्याला लगेच फोन लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत, कामाला लागा!