तांब्याची तार की काचेचा तंतू?





गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्या शाळेच्या मैदानाजवळ वीज पडली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु जुन्या इमारतीतल्या कार्यालयातून नव्या इमारतीतल्या संगणक कक्षात गेलेल्या केबलच्या दोन्ही टोकांचे स्विच जळाले, सहा संगणकही निकामी झाले आणि मुलांची प्रात्यक्षिके पुढे ढकलावी लागली. तेव्हापासून काही पालक विचारतात, "सगळीकडे फायबरच का टाकत नाही?" काही विश्वस्त विचारतात, "तांब्याने काम चालत होते, मग हा खर्च कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून हा खुलासा.

तांब्याच्या नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात. त्यांच्या चार जोड्या करून प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. त्यामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट बराच कमी होतो. माहिती विजेच्या संकेतांतून जाते आणि अंतर वाढेल तसे हे संकेत क्षीण होतात. म्हणून एका केबलची मर्यादा 100 मीटर ठरली आहे. आपल्या दोन इमारतींमध्ये सुमारे 140 मीटर अंतर आहे. म्हणजे ती जुनी केबल मुळातच नियमाबाहेर होती, हे आम्ही कबूल करतो.

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतू. त्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. मूळचे पंजाबचे शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 मध्ये अशा तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश जातील, हे चार्ल्स काओ यांनी 1966 मध्ये मांडले. त्यांना 2009 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा तंतूतून संकेत कित्येक किलोमीटर सहज जातात.

येथे एक गैरसमज दूर करू. प्रकाश जास्त वेगाने धावतो म्हणून फायबर वेगवान, असे नाही. दोन्हींमध्ये संकेताचा वेग सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटरच असतो. फरक आहे तो एका वेळी किती माहिती किती दूर नेता येते यात.

आपल्या दृष्टीने त्याहून मोठा फरक विजेचा आहे. जवळपास वीज पडली की धातूच्या लांब तारेत विजेचा जोरदार झटका येतो आणि तो दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरतो. काचेतून वीज वाहत नाही. मात्र केबलच्या आवरणात पोलादी तार किंवा पत्रा असेल तर तोच धोका परत येतो. म्हणून धातूविरहित केबलच घ्यायची. शिवाय वीजपुरवठ्याच्या तारेतून येणारा झटका फायबर रोखत नाही. त्यासाठी चांगले अर्थिंग हवेच.

मग खोलीतही फायबर का नको? कारण आपल्या संगणकांना व प्रिंटरला तांब्याच्या केबलचीच जागा आहे. फायबरसाठी प्रत्येक ठिकाणी वेगळे उपकरण लागेल. तांब्याच्या केबलमधून कॅमेऱ्याला आणि वायफायच्या यंत्राला वीजही देता येते. काचेतून ती देता येत नाही. तांब्याची केबल तुटली तर आपले शिक्षक नवा कनेक्टर बसवू शकतात. फायबर जोडायला खास यंत्र आणि कारागीर बोलवावा लागतो.

म्हणून आमचा प्रस्ताव असा: दोन इमारतींमध्ये जमिनीखालून पाइपात फायबर, आणि इमारतीच्या आत कॅट-6 तांबे. यात मोठा खर्च खोदकाम व जोडणीचा आहे. चर एकदाच खणायचा, तर काही तंतू जास्तीचे असू द्यावेत. तांब्याची केबल घेताना तार चाकूने खरवडून पाहावी. आत पांढरी चमक दिसली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे व ती परत करावी.

मुलांनो, एक सूचना लक्षात ठेवा. फायबरच्या उघड्या टोकात कधीही डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

विश्वस्त मंडळाने पावसाळ्यापूर्वी या कामाला मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.