बिनतारी प्रवेशबिंदू

बिनतारी प्रवेशबिंदू : तारेच्या जाळ्यातील संदेश रेडिओ तरंगांच्या रूपाने संगणक, मोबाइल संच इ. उपकरणांपर्यंत पोहोचविणारे व त्यांच्याकडील संदेश पुन्हा तारेवर आणणारे साधन. व्यवहारात ते ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ या नावाने परिचित आहे. हे साधन स्वतंत्रपणे विकत मिळते. तथापि नवा राउटर आल्यावर वापरावाचून पडून राहिलेल्या जुन्या राउटरपासूनही ते तयार करता येते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या दुसऱ्या पद्धतीचे विवेचन केले आहे.

इतिहास : रेडिओ तरंगांनी संगणक जोडणारे ‘अलोहानेट’ हे जाळे हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये कार्यान्वित केले. बिनतारी स्थानिक जाळ्यांचे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले व १९९९ पासून ‘वाय-फाय’ हे नाव प्रचारात आले. भारतात २,४०० ते २,४८३.५ मेगॅहर्ट्झ हा कंप्रतापट्टा २००५ मध्ये ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. ५ गिगॅहर्ट्झजवळचे पट्टे २०१८ मध्ये व्यापक प्रमाणात खुले झाले.

गरज : एका राउटरचे तरंग सर्व खोल्यांत सारख्याच तीव्रतेने पोहोचत नाहीत. २.४ गिगॅहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगांची लांबी सु. १२ सेंमी. असते. पाणी व ओलसर माती ते शोषून घेतात, तर धातूचे पत्रे ते परावर्तित करतात. ५ गिगॅहर्ट्झचे तरंग अधिक वेगाने माहिती नेतात. परंतु भिंतीत ते आणखी क्षीण होतात. वर्धा जिल्ह्यातील घरांत या अडचणी एकत्र आढळतात. सेवाग्राम आश्रमातील कुट्यांवरून परिचित असलेली माती, बांबू व कवेलू यांची बांधणी जुन्या घरांतही दिसते. तिच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण तरंग अडवितात. नंतरच्या घरांत लोखंडी सळयांचा स्लॅब किंवा टिनाचे छप्पर असते. उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला कूलर म्हणजे धातूची पेटी व तीत भिजलेली ताटी असल्याने त्याच्या मागील बाजूस संदेश हमखास मंदावतो. बैठकीत राउटर व मागील अंगणापलीकडे अभ्यासाची खोली, अशा घरात दुसरा प्रवेशबिंदू आवश्यक ठरतो.

तत्त्व : घरगुती राउटर म्हणजे एकाच पेटीत बसविलेली अनेक साधने होत. तीत तारा जोडणारा स्विच, रेडिओ प्रेषक-ग्राही, प्रत्येक उपकरणाला जाळ्यातील पत्ता वाटून देणारी ‘डीएचसीपी’ व्यवस्था आणि घरातील पत्ते व बाहेरील आंतरजाल यांत भाषांतर करणारी ‘नॅट’ व्यवस्था असते. प्रवेशबिंदूसाठी पहिली दोनच साधने लागतात. उरलेली कामे मुख्य राउटर करीत असतो. एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोन अधिकारी राहिले, तर ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता उपकरण स्वीकारते. जुन्या राउटरने दिलेल्या पत्त्याबरोबर बाहेरची वाट म्हणून त्याचा स्वतःचाच निर्देश येतो आणि ती वाट बंद असते. त्यामुळे एक मोबाइल चालतो, दुसरा चालत नाही, आणि थोड्या वेळाने उलट घडते. हा दोष वरकरणी यंत्र बिघडल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात तो मांडणीचा असतो.

मांडणी : प्रथम जुन्या राउटरची पुनर्स्थापना कळ काही सेकंद दाबून तो मूळ स्थितीत आणतात. मुख्य राउटरला न जोडता त्याच्या ‘लॅन’ खाचेत संगणकाची तार जोडतात व तळाशी छापलेल्या पत्त्यावरून त्याचे व्यवस्थापन पान उघडतात. मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असून तो १०० ते १९९ हे शेवटचे क्रमांक वाटत असेल, तर जुन्या राउटरला १९२.१६८.१.२ असा त्याच मालिकेतील, पण वाटपाबाहेरचा पत्ता देतात. नव्या पत्त्यावर पान पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करतात. नंतर जाळ्याचे नाव व परवलीचा शब्द ठरवितात. दोन्ही ठिकाणी नाव, परवलीचा शब्द व सुरक्षापद्धती सारखी ठेवल्यास उपकरणे एका प्रवेशबिंदूवरून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. हा बदल केव्हा करावयाचा हे मात्र उपकरणच ठरविते. २.४ गिगॅहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ हे मार्ग परस्परांवर येत नाहीत. म्हणून दोघांना त्यांतील वेगवेगळे मार्ग देतात.

शेवटी मुख्य राउटरची लॅन खाच तारेने जुन्या राउटरच्या लॅन खाचेस जोडतात. ‘वॅन’ खाच मोकळी ठेवतात. तीत तार जोडल्यास पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते आणि एका भागातील मुद्रक दुसऱ्या भागातील संगणकास सहसा सापडत नाही. काही राउटरांत प्रवेशबिंदूची तयार सोय असते. ती निवडल्यास वरील बहुतेक फेरफार आपोआप होतात व वॅन खाचही वापरता येते. दोन राउटरांत एकाच वेळी दोन तारा जोडू नयेत. संदेश वर्तुळात फिरत राहून सर्व जाळे ठप्प होऊ शकते.

तारेऐवजी तरंगांनीच संदेश पुढे पाठविणारे पुनरावर्तकही मिळतात. एकाच मार्गावर घेणे व देणे ही दोन्ही कामे करावी लागत असल्याने त्यांचा वेग साधारणतः निम्म्यावर येतो. म्हणून जेथे तार नेता येते, तेथे प्रवेशबिंदूच श्रेयस्कर होय.

दक्षता : तांब्याच्या पीळदार तारेची लांबी १०० मी.पेक्षा अधिक नसावी. स्वतंत्र इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेल्यास पावसाळ्याच्या तोंडी विजेच्या कडकडाटात दोन्ही बाजूंची उपकरणे जळण्याचा धोका असतो. तेथे प्रकाशतंतू वापरणे सुरक्षित असते. बहुतेक घरगुती राउटर ४०° से. पर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो. म्हणून टिनाच्या छपराखाली किंवा बंद कपाटात ते ठेवू नयेत. वीज गेल्यावर जाळे चालू राहावयाचे असेल, तर दोन्ही राउटरांना घटमालेचा आधार लागतो.

केवळ ‘वेप’ ही आरंभीची संरक्षणपद्धती असलेला राउटर वापरू नये. ती सहज भेदता येते. २००४ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा त्यापुढील पद्धती असावी. निर्मात्याने दिलेला व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द बदलावा व उपलब्ध असलेली सर्वांत नवी आज्ञावली भरावी. निर्मात्याने आज्ञावलीतील सुधारणा थांबविल्या असतील, तर उपकरण चालू स्थितीत असूनही त्यातील दोष कायम राहतात. अशा राउटरमधील रेडिओ बंद करून त्याचा केवळ स्विच म्हणून उपयोग करावा, अथवा तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.